डेलकोचे काम संपले असे कोण म्हणतो?

जुन्या पेट्रोल गाड्या भंगारात गेल्या, आता डेलकोचे काम शिकून काय करायचे, असे गॅरेजमधली मुले विचारतात. उस्ताद मंडळीही मान हलवतात. कुठे कुठे तर डिस्ट्रिब्युटर उघडायची वेळ आली की उस्ताद स्वतः हात घालतात आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवतात. परिणाम असा की पन्नाशीच्या पुढचे चार कारागीर सोडले तर हे काम नीट जाणणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र गाडी ढकलत दारात येते. माझे मत याच्या उलट आहे. डेलकोचे काम कमी झाले आहे, संपलेले नाही. आणि जे उरले आहे त्याला चांगली मजुरी मिळू शकते. अट एकच, काम अंदाजाने नव्हे तर मापाने झाले पाहिजे.

आधी बाजार पाहू. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये गेली, कारण शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली होती आणि वीस वर्षांची मर्यादा भरली. ॲम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये बंद झाले, मारुती 800 चेही त्याच वर्षी. हे सगळे खरे आहे. पण खाजगी मालकीच्या पद्मिनी, पेट्रोल ॲम्बेसेडर, कार्बोरेटरवाल्या मारुती 800 आणि ओम्नी, जिप्सी, जुन्या विलीज जीप या अजून धावत आहेत. कुणी हौसेने ठेवली आहे, कुणी बापाची आठवण म्हणून, कुणी नवी घेणे परवडत नाही म्हणून. त्यातच केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशा गाडीचा धंद्यासाठी वापर करता येत नाही, हे खरे. पण जो माणूस गाडीच्या नुसत्या नोंदणीसाठी वीस हजार मोजतो, तो चांगल्या कामाच्या मजुरीवरून घासाघीस करीत बसत नाही. त्याला फक्त असा कारागीर हवा असतो, जो गाडीला हात लावल्यावर ती बिघडवणार नाही.

आता हे यंत्र करते काय, ते समजून घेऊ. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल, पण शागीर्दाला वाचून दाखवावेत. पुष्कळ मुलांना पॉइंट घासता येतात, पण पॉइंट कशासाठी आहेत हे विचारले तर उत्तर येत नाही.

‘डेलको’ हे मुळात कंपनीचे नाव. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी 1909 मध्ये ती काढली आणि तिची बॅटरी-इग्निशन पद्धत कॅडिलॅक गाडीवर 1910 च्या मॉडेलपासून आली. नाव कंपनीचे, पण आपल्याकडे ते वस्तूलाच चिकटले. पद्धत अशी. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून, बंद असलेल्या पॉइंटमधून अर्थला जातात. तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकत्व भरते. डेलकोचा शाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. तो झटका मधल्या कार्बन ब्रशमधून रोटरवर, रोटरमधून कॅपच्या पितळी टोकावर आणि वायरमधून प्लगवर जातो. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. हे एक वाक्य ज्याला पाठ झाले त्याला अर्धे टायमिंग कळले.

कंडेन्सरचे काम करंट तुटताना पॉइंटमध्ये ठिणगी पडू न देण्याचे. पॉइंटमध्ये ठिणगी पडली तर करंट रेंगाळतो आणि प्लगकडे जायची ताकद तिथेच जळते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या मारत असेल तर पॉइंट मिनिटाला 6000 वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात. गाडी त्या वेळी ताशी साठने धावत असेल तर एका किलोमीटरला सहा हजार आणि दहा हजार किलोमीटरला सहा कोटी वेळा. एवढ्याशा तुकड्यावर केवढे ओझे, हे लक्षात घेतले म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी त्याच्याकडे दोन मिनिटांत पाहून झाकण लावणे किती चुकीचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

माझी पहिली तक्रार कानाने टायमिंग लावणाऱ्यांबद्दल आहे. इंजिन चालू ठेवायचे, डेलकोचा बोल्ट ढिला करायचा, हाताने फिरवत राहायचे आणि आवाज जिथे सर्वात मोकळा वाटेल तिथे आवळायचे, ही आपल्याकडची सर्रास चालणारी रीत. जुन्या उस्तादांचा कान तयार असतो, त्याबद्दल वाद नाही. पण रिकाम्या इंजिनाला जास्त ॲडव्हान्स आवडतो. गॅरेजमध्ये ते सुरेख वाजते आणि मग खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना, गाडीत पाच माणसे आणि सामान असताना, खटखट सुरू होते. ती खटखट म्हणजे पिस्टनवर पडणारा हातोडा. महिना-दोन महिन्यांनी हेड गॅस्केट उडते, कधी पिस्टनची कड तुटते, आणि गिऱ्हाईकाला बोरिंगचा खर्च येतो. त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की याचे मूळ दोन महिन्यांपूर्वीच्या ‘झकास’ टायमिंगमध्ये होते. उलट बाजूला, टायमिंग मागे राहिले तर गाडी तापते, पिकअप मरतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात आणि पेट्रोल जास्त लागते.

मापाने लावायला काही मोठे भांडवल लागत नाही. एक फिलर गेज, एक ड्वेल मीटर, एक टायमिंग लाइट. टायमिंग लाइट नसेल तर 12 व्होल्टचा साधा बल्बही चालतो. बल्बची एक वायर कॉइलच्या डेलकोकडच्या टोकाला, दुसरी अर्थला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीवरची खूण कंपनीने दिलेल्या अंशावर ठेवा, चावी ऑन करा. डेलको आधी रोटर फिरतो त्या दिशेला थोडा फिरवा म्हणजे पॉइंट मिटतील आणि बल्ब विझेल. मग सावकाश उलट फिरवा. बल्ब लागला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. तिथेच आवळा. काम झाल्यावर चावी बंद करायला विसरू नका, कारण पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन राहिली तर कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात.

मात्र टायमिंगला हात लावण्याआधी गॅप. हा क्रम उलटला तर सगळी मेहनत वाया. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते. गॅप कमी केला की मागे येते. म्हणून आधी टायमिंग लावून मग पॉइंट ‘जरा साफ’ करणारा कारागीर आपलेच काम मोडत असतो. ॲम्बेसेडरच्या लुकास नमुन्याच्या डेलकोत हा गॅप 14 ते 16 थाऊ, म्हणजे सुमारे 0.35 ते 0.40 मिलिमीटर असतो. दुसऱ्या गाड्यांचे आकडे निराळे असतात, ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावेत. पोस्टकार्ड घालून गॅप लावण्याची रीत रस्त्यात अडकल्यावर ठीक आहे. गॅरेजमध्ये ती शोभत नाही.

गेजवरही पूर्ण भरवसा नको. वापरलेल्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झालेली असते. गेज टेकडीवरून सरकतो आणि गॅप बरोबर दाखवतो, प्रत्यक्षात तो मोठा असतो. ड्वेल मीटर हा घोटाळा लगेच उघडा पाडतो. चार सिलिंडरच्या डेलकोत दर सिलिंडरला 90 अंश मिळतात, त्यातले साधारण 55 ते 60 अंश पॉइंट मिटलेले असावेत, म्हणजे कॉइल भरायला वेळ मिळतो. मीटरचा काटा इंजिनाच्या वेगाबरोबर बराच हलू लागला तर पॉइंटचा दोष नाही, शाफ्टचा बुश झिजला आहे. त्याकडे पुढे येतो.

नवे पॉइंट बसवताना त्यांच्यावरचा तेलकट थर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. कॅमवर ग्रीस अगदी नखाएवढे, रोटरखालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब, हलत्या पॉइंटच्या खिळीला एक. यापेक्षा जास्त नाही. तेल पॉइंटवर उडाले की ते जळते, काळे पडते आणि गाडी मिसिंग मारू लागते. कोरडा कॅम मात्र पॉइंटचा फायबरचा टाचेचा भाग खाऊन टाकतो, गॅप आपोआप कमी होत जातो आणि एके सकाळी गाडी चालू होत नाही. गिऱ्हाईक म्हणते, काल तर बरी होती!

दुसरी तक्रार कार्बोरेटरवर नाहक होणाऱ्या अत्याचाराची. गाडी धक्के मारते, रेस घेत नाही, पीयूसीमध्ये नापास होते, की लगेच कार्बोरेटर उघडला जातो. जेट फुंकले जातात, स्क्रू फिरवले जातात, नवा किट टाकला जातो. जुन्या, म्हणजे भारत स्टेज दोनच्या आधीच्या, पेट्रोल मोटारींना तपासणीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत मुभा आहे. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेले पेट्रोल. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत असून हायड्रोकार्बनचा आकडा उसळलेला असेल, तर बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरला ठिणगी मिळत नसते. तिथे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून काय होणार? पीयूसीच्या कागदावरचे दोन आकडे गॅरेजवाल्याने वाचायला शिकावे. तो कागद म्हणजे फुकट मिळालेली तपासणी आहे, पण आपण तो काचेला चिकटवून मोकळे होतो.

गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत तर हे दुप्पट खरे. मुंबईच्या टॅक्सी 2000 नंतरच्या वर्षांत सीएनजीवर गेल्या तेव्हा ज्यांनी ते काम केले त्यांना हे आठवत असेल. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर कशीबशी चालणारी कॅप, जुनी वायर, दमलेली कॉइल गॅसवर उघडी पडते आणि मॅनिफोल्डमध्ये फटाका वाजतो. मालक किटला शिव्या घालतो, दोष डेलकोचा असतो.

पावसाळा हा या कामाचा हंगाम. कोकणातून आणि मुंबईतून जून-जुलैत ज्या गाड्या ‘सकाळी चालू होत नाही’ म्हणून येतात त्यांत कॅपच्या आतला दमटपणा हे साधे कारण पुष्कळदा निघते. कॅप काढून कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसा आणि उजेडात धरून पाहा. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी बारीक काळी रेषा दिसली तर ती धूळ नव्हे. करंटने स्वतःसाठी पाडलेली ती वाट आहे, ती घासून जात नाही आणि कॅप बदलावीच लागते. रोटरलाही अशी चीर पडते आणि मग झटका रोटरमधून सरळ शाफ्टला, म्हणजे अर्थला जातो. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबून पाहावा, स्प्रिंगवर परत आला पाहिजे. वायरींची परीक्षा अंधारात: इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात दूर ठेवा, जिथे निळसर ठिणग्या नाचतात ती वायर गेली.

आता मालाबद्दल बोलणे भाग आहे, आणि हे आपल्या स्पेअर पार्टवाल्या बांधवांना थोडे झोंबेल. मुंबईत कुर्ल्याला किंवा चोर बाजारात, पुण्यात नाना पेठेत, जुन्या गाड्यांचा माल अजून मिळतो. पण नामांकित डब्याची हुबेहूब नक्कल करून विकले जाणारे पॉइंट, रोटर आणि विशेषतः कंडेन्सर यांनी या कामाची अब्रू घालवली आहे. कारागीर प्रामाणिकपणे नवा कंडेन्सर टाकतो, गाडी आठ दिवसांत बंद पडते, आणि गिऱ्हाईक कारागिरालाच चोर समजते. दुकानदार म्हणतो, इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते. हे उत्तर सोपे आहे, पण दुकानाच्या काउंटरवर एक मल्टिमीटर ठेवणेही तितकेच सोपे आहे. चांगल्या कंडेन्सरची क्षमता 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास असते. क्षमता मोजणारा मीटर आज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो आणि फार महाग नसतो. जो दुकानदार गिऱ्हाईकासमोर मोजून माल देईल, त्याच्याकडे तीन तालुक्यांचे मेकॅनिक येतील. अर्थात मीटरवर बरोबर निघालेला कंडेन्सरही तापल्यावर दगा देऊ शकतो. म्हणून कारागिरांनीही एक सवय सोडावी: पॉइंट बदलले की कंडेन्सर बदललाच पाहिजे, ही. जुना कंडेन्सर चांगला चालला असेल, पॉइंटचा रंग स्वच्छ राखाडी असेल, खड्डा-टेकडी झाली नसेल, तर त्याला हलवू नका. नवा म्हणजे चांगला असे समीकरण या वस्तूला लागू नाही.

पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरखेरीज कॉइलही तपासा. कॉइल दोन प्रकारच्या येतात. एकीचा प्राथमिक विरोध तीन ओहमच्या जवळपास, दुसरीचा दीड, आणि ही दुसरी बाहेरच्या बॅलास्ट रेझिस्टन्ससह वापरायची असते. दिसायला दोन्ही सारख्या. बॅलास्टवाली कॉइल थेट बारा व्होल्टवर जोडली की ठिणगी जोरदार दिसते, गिऱ्हाईक खूष होते, आणि पॉइंट दुप्पट करंटने भाजून निघतात.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवावा का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रोज चालणाऱ्या गाडीला जरूर बसवा. गॅप झिजण्याची कटकट जाते, सकाळचा स्टार्ट सुधारतो. पण त्याने डेलको नवा होत नाही. ॲडव्हान्सची वजने गंजून अडकलेली असतील तर ती तशीच राहतात. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेला थोडा पिळा आणि सोडा, तो स्प्रिंगने परत आला तर वजने मोकळी आहेत. व्हॅक्यूमची नळी काढून तोंडाने ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळीचे तोंड जिभेने बंद ठेवले तर तिथेच थांबली पाहिजे. पडदा फाटलेला असेल तर सपाट रस्त्यावर ॲव्हरेज पडते आणि मालक महिनोन्‌महिने पेट्रोल पंपावर संशय घेत राहतो.

शागीर्दांचा विषय वर अर्धा राहिला. हात तयार होतो, पण कारण सांगितले जात नाही. कारण सांगितले तर पोरगा उद्या समोर दुकान टाकेल, ही भीती. माझ्या मते ही भीती आता परवडणारी नाही. आजच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आणि वजनांच्या जागी कॉम्प्युटर आहे. पण कॉइल भरणे, करंट तोडणे, वेग वाढला की ठिणगी लवकर देणे, लोड आला की थोडी मागे घेणे, हे सगळे तेच आहे. ज्या मुलाने डेलकोत हे डोळ्यांनी पाहिले, त्याला स्कॅनरच्या पडद्यावरचा टायमिंग ॲडव्हान्सचा आकडा वाचता येतो. ज्याने पाहिले नाही, तो पार्ट बदलत बसतो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक मोजते. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक कोर्समधून आलेल्या मुलाला पुस्तक माहीत असते, गॅरेजच्या मुलाला हात माहीत असतो. उस्तादाने महिन्यातून एक दुपार बाकावर जुना डेलको खोलून दोघांना समोर बसवले तर त्याचे काहीही जाणार नाही.

मजुरीचेही तसेच. बिलावर नुसते ‘ट्यूनिंग’ असे लिहू नका. पॉइंट गॅप इतका, ड्वेल इतके अंश, टायमिंग इतके, किलोमीटर इतके, असे चार आकडे लिहून द्या आणि कार्बन आपल्याकडे ठेवा. पाच हजार किलोमीटरने गाडी परत आली की ड्वेल किती बदलले ते समोरच दिसते. गिऱ्हाईकाला आपण कशाचे पैसे देतो ते कळते आणि मग पार्टवरच्या कमिशनवर पोट भरायची गरज राहत नाही.

राहिला बुश. शाफ्ट बाजूला हलवून पाहा. हाताला खेळ जाणवला, किंवा टायमिंग लाइटखाली खूण एका जागी न थांबता नाचू लागली, तर बुश गेला असण्याचा संभव मोठा. नाचणाऱ्या खुणेला टायमिंग चेनही कारण असू शकते, म्हणून दोन्ही पाहावे. अशा वेळी अख्खा डेलको बदला असे सांगितले जाते आणि बाजारातून दुसऱ्या गाडीचा काढलेला, तितकाच झिजलेला डेलको आणून बसवला जातो. खरे तर हे लेथवाल्याचे काम आहे. शाफ्टची झीज मायक्रोमीटरने मोजा, लागला तर शाफ्ट घासून एकसारखा करून घ्या, फॉस्फर ब्राँझचा बुश कातून बसवा आणि शाफ्टच्या मापाला रीमरने साफ करा. तेलाच्या वाटेचे भोक पाडायला विसरू नका. जोडताना तळाच्या गिअरची किंवा डॉगची पिन पूर्वी होती त्याच बाजूने घाला, उलटी बसली तर रोटर अर्धा फेरा चुकतो. लेथवाले आणि गॅरेजवाले एकाच गल्लीत बसतात, पण हे काम एकमेकांना देत नाहीत. गावातल्या एका लेथवाल्याने चार-पाच जुन्या डेलकोंची मापे वहीत उतरवून बुश तयार करून ठेवले, तर आसपासची गॅरेजे त्याच्याकडेच येतील आणि दुरुस्तीला दोन दिवस लागतात ते दोन तासांवर येईल.